खिडकीतली पट्टी

“पुरावा उन्हात टाकलाय? धुणं आहे का ते?”

संग्रहालयाचे संचालक खिडकीपाशी येऊन थबकले. कट्ट्यावर बोटभर लांबीची लाकडी पट्टी पडली होती. युद्धात मालवाहू जहाजांना कुठला रंग लावायचा, याचा शिल्लक राहिलेला एकुलता एक नमुना. साठ वर्षं फायलीत जपलेला. त्यावरूनच धक्क्यावरच्या जुन्या जहाजाला महिनाभर खपून हिरवट राखाडी रंग दिला होता आणि उद्या उद्घाटन होतं.

“तीन आठवडे झाले टाकून,” संग्रहालयातली रंगांची अभ्यासक म्हणाली. तिने मानही वर केली नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीत तिचे वडील बसले होते. तरुणपणी दोरांना लोंबकळत त्यांनीच ते जहाज रंगवलं होतं. रंग निळसर होता, हिरवट नव्हे, असं ते कानीकपाळी ओरडून सांगत होते. संचालकांनी अहवालात एका ओळीत त्यांची बोळवण केली : ‘वयोमानामुळे स्मरण विश्वासार्ह नाही.’ ती ओळ ऐकल्यापासून म्हातारबुवा गप्प झाले होते. रागावले असते तर लेकीला बरं वाटलं असतं. पण त्यांचा स्वतःच्याच डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता, आणि ते तिला मुळीच सहन होत नव्हतं.

“अहो, उद्या पहिल्या रांगेत बसवतोय ना त्यांना,” संचालक जरा नरमले.

“तेलात कालवलेला रंग अंधारात पिवळा पडतो, साहेब. उजेडात ठेवला की पिवळेपणा उतरतो. फाईल साठ वर्षं बंद होती. निळ्यावर पिवळं चढलं आणि आपण त्यालाच हिरवा समजून बसलो.”

पट्टीच्या अर्ध्या भागावर तिने काळा कागद गुंडाळला होता. तो तिने ओढून काढला.

झाकलेला भाग हिरवट होता. उघडा भाग स्वच्छ निळसर राखाडी. मधोमध सरळ रेघ.

म्हातारबुवा काठी टेकत उठले आणि पट्टीवर वाकले.

“हाच,” ते म्हणाले. “आठ-आठ दिवस नखांतून निघायचा नाही. तुझी आई वैतागायची.”

संचालकांनी हळूच दार लोटलं. “ठेवा ती फायलीत. आता काहीही बदलणार नाही. आणि हे या खोलीबाहेर जायला नको.”

“ठेवते की.” तिने पट्टी फायलीत ठेवली. “पण पुन्हा पिवळी पडायला तिला वर्षानुवर्षं लागतील. तोवर जो कोणी फाईल उघडेल, त्याला बाबांचा रंग दिसेल.”

म्हातारबुवांनी शर्टाची कॉलर नीट केली.

“उद्या येतो मी,” ते संचालकांना म्हणाले. “पहिल्या रांगेतच बसवा. कुणी विचारलं तर रंग कुठला ते सांगेन. नाही विचारलं, तरी सांगेन.”