पिवळी फुली

उन्मेषने मशीन ओवीच्या लाकडी घोड्यावर टेकवलं आणि चाप दाबला. हिरवा दिवा. घोड्यात शिसं नाही. मग बाहुली, रंगीत खडू, खिडकीचा रंग, नळाची तोटी, हळदीचा डबा. सगळीकडे हिरवा. एरवी कंपनीत हिरवा दिवा लागला की त्याला सुटल्यासारखं वाटायचं. आज प्रत्येक हिरव्या दिव्यागणिक तो पुढची वस्तू अधिकच घाईने उचलत होता.

ओवी बाहेर पडवीत, तिच्या आईच्या मांडीवर होती. मशीनमधून किरण निघतात म्हणून त्याने दोघींना मुद्दामच बाहेर बसवलं होतं. त्याची तीन वर्षांची पोर. गेल्या वर्षी "आजी, कढी दे, कढी दे" म्हणून घर डोक्यावर घ्यायची. आता काही हवं झालं की नुसतं बोट दाखवायची. अन्नावरची वासना उडाली होती, पोट दुखायचं, रंग पांढराफटक पडला होता. डॉक्टरांनी रक्त मुंबईला तपासायला पाठवलं आणि रक्तात शिसं निघालं.

"घरात कुठून येतंय ते शोधा," डॉक्टर म्हणाले. "ते थांबल्याशिवाय माझ्या औषधाचा काही उपयोग नाही."

उन्मेषच्या डोक्यात एकच बसलं, हे आपणच आणलं. एमआयडीसीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात तो माल तपासायचा. तयार माल युरोपात जायचा आणि तिकडचा कायदा मोठा कडक. तारा जोडायला जो डाख देतात, त्यात शिसं अजिबात चालत नाही. डाखासाठी कथलाच्या कांबा यायच्या. कागदावर बिनशिशाच्या, पण मशीन लावलं की कधी कधी चक्क तिसरा हिस्सा शिसं निघायचं. अशा कांबेवर तो ब्रशने ठसठशीत पिवळी फुली मारायचा आणि ती बाजूला टाकायचा. या फुल्यांचं पुढे काय होतं, असं त्याने एकदा साहेबांना विचारलं होतं. "जातात भंगारात. तू तुझं काम बघ," साहेब म्हणाले. त्याने आपलं काम बघितलं. आपण परमुलखातल्या पोराबाळांना जपतो, हे तो चारचौघांत कौतुकाने सांगायचासुद्धा.

कपड्यांना चिकटून येत असेल म्हणून तो महिनाभर मागीलदारी आंघोळ करूनच घरात शिरला. ओवी धावत आली तर हात वर करून उभा राहायचा. तरी रक्तातलं शिसं चढतच गेलं. शेवटी साहेबांच्या हातापाया पडून त्याने मशीन रविवारपुरतं घरी आणलं.

आता उरलं होतं स्वयंपाकघर. मालिनीबाई, त्याची आई, दारातच उभी राहिली.

"माझ्या स्वयंपाकघरात रे कसलं विष? पोरीसाठी म्हणून गेल्या वर्षीच प्लास्टिक काढलं, जर्मनची भांडी काढली. माळ्यावरचं पितळ उतरवून कल्हई करून घेतली मी."

ओट्यावर सोलकढीचं पातेलं होतं. सगळं खाणं सुटलं तरी ओवीची सोलकढी सुटली नव्हती. आमसुलं रात्रीच त्यात भिजत पडायची. आंबट पितळेत कळकतं, म्हणून तर आतून कल्हई. कशी आरशासारखी लखलखत होती! उन्मेषने कढी दुसऱ्या भांड्यात ओतली, पातेलं धुऊन पुसलं आणि मशीन टेकवलं.

लाल.

त्याने पुन्हा चाप दाबला. पुन्हा लाल. आकडा ओळखीचा होता. तिसरा हिस्सा.

आईने ओतलेली कढी मोरीत उपडी केली. "मी पाजलंय रे तिला," ती म्हणाली. "वाटी वाटी पाजलंय." उन्मेष चप्पल न घालताच बाहेर पडला.

विठू कल्हईवाला देवळाजवळच्या पारावर भाता मांडून बसला होता. उत्सव तोंडावर आला होता. महाप्रसादाचं थोरलं तपेलं नुकतंच लख्ख होऊन उपडं पडलं होतं आणि वाडीतल्या घराघरांतली भांडी रांगेने लागली होती. नवसागराचा पांढरा धूर वर जात होता. विठूचा हात कापत होता. कापसाचा बोळा दोनदा निसटला. अलीकडे फार थकला विठू, असं लोक म्हणायचे.

"विठूकाका, कल्हईला कथील कुठलं लावता?" उन्मेषने विचारलं.

विठू खुलला. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"भेसळीचं नाय हो भाऊ! मागं त्या भंगारवाल्यानं फसवलान मला, पण आता मी शाना झालो." त्याने गोणपाटाखाली हात घातला आणि एक कांब काढून उन्मेषच्या तळहातावर ठेवली. "हे बघा. जरा आच लागली की पाण्यासारखं पसरतं. तुमच्या आई बोलल्या, नातीसाठी हाय, चांगलंच लाव. म्हणून त्या पातेल्याला दोन हात जास्त दिले."

कांब उन्मेषच्या हातात जड होत गेली. त्याला ओरडायचं होतं. रांगेतली भांडी लाथेने उधळायची होती. पण त्याचे डोळे त्या कांबेवरून हलेनात. विठूला वाटलं, याला अजून खात्री पटत नाही. त्याने थरथरतं बोट कांबेवर टेकवलं.

"ही पिवळी फुली बघितलीत? हीच बघून घेतो मी. कंपनीत कोण हाय तो देवमाणूस, एकेक कांब तपासून स्वतःच्या हातानं मारतो."