अर्ध्या उंचीच्या पेट्या

मधमाश्या पाळायला लागून नवऱ्याला नुकतंच एक वर्ष झालं होतं, आणि दुसऱ्या हंगामाच्या सामानाची यादी करताना त्याचं काय बिनसलंय ते तिला कळेना. गेल्या वर्षी त्या एका पेटीवर तो जीव टाकायचा, तिला अंगणाच्या त्या कोपऱ्याकडे फिरकूही द्यायचा नाही. आज मात्र त्याने पाण्याने भरलेली बादली तिच्यापुढे आणून ठेवली.

"उचलून बघ बरं."

तिने ती कशीबशी गुडघ्यापर्यंत उचलली. त्याने यादीतल्या मोठ्या पेट्या खोडल्या आणि अर्ध्या उंचीच्या, हलक्या पेट्या लिहिल्या.

"अहो, कंबर धरलीय का तुमची?"

"नाही गं." तो शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन आला. "आता सरळ उभी राहा. अंगभर पोशाख आणि जाळीची टोपी मागवायचीय. तुझ्या मापाची."

"माझ्या? साधी माशी घोंघावली तरी मी घर डोक्यावर घेते!"

तो टेपशी चाळा करत राहिला. "परवा सूज दाखवायला गेलो होतो ना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता आणखी एक माशी चावली तर जीवावर बेतेल. तू नको म्हणालीस तर पेटी उद्याच कुणाला तरी देऊन टाकतो."

अंगणातून पेटीची गुणगुण ऐकू येत होती. तिने हात पुढे केला.

"मनगट नीट मोजा," ती म्हणाली. "फट राहायला नको."