उलट्या सूर्याचं पान

छकुलीला तिसरं सरलं, तरी तिच्या तोंडून अजून एकही शब्द फुटला नव्हता. शेवटी एका दुपारी तिच्या आत्याने टॅरोचे पत्ते आणले आणि वहिनीच्या शिवणाच्या टेबलावर पिसले.

"वहिनी, मोठ्याने विचार. पान सरळ आलं तर हो, उलटं आलं तर नाही."

"माझी लेक बोलेल का?"

पान निघालं सूर्याचं. त्यावर घोड्यावर बसलेलं गोंडस मूल होतं, पण डोकं खाली, पाय वर.

"अगं, तुझ्या बाजूने बघ की, सरळच असणार!" छकुलीची आई हसली.

समोर बसलेली नणंद हसली नाही. तिलाही ते उलटंच दिसत होतं.

आईने लेकीला कडेवर घेऊन टेबलाला चक्कर मारली. चारही बाजूंनी मूल उलटंच लोंबत होतं.

"राहू दे, वहिनी. नाही म्हणतंय ते."

"नाही म्हणणारं ते कोण लागून गेलंय? उलट्या लागलेल्या बाह्या उसवून सरळ करण्यात जन्म गेलाय माझा!"

तिने पान गर्रकन फिरवलं आणि त्यावर तळहात दाबला. हाताखाली पान हळूहळू मागे फिरू लागलं. तिने अंगाचा सगळा भार हातावर टाकला.

"हो म्हण! म्हटल्याशिवाय सोडायची नाही मी."

पान थांबलं.

कडेवरची छकुली ओठ घट्ट मिटून टेबलाकडे बघत होती. आणि आईच्या तळहाताखालून, नुकतंच बोलायला शिकल्यासारखी, बारीक हाक आली, "आई!"