हायब्रिड कुणाच्या नावावर

ॲव्हरेज किती देते हे विचारल्याशिवाय दिगंबर खरोसेकरांनी जन्मात गाडी घेतली नव्हती. याही खेपेला वहीत दोन सेडान शेजारी शेजारी मांडल्या होत्या. इंजिन, डिकी, एअरबॅग सारखंच. पण पेट्रोल सतरा देते, हायब्रिड सत्तावीस. हायब्रिड महाग खरी, पण सात वर्षांत वसूल.

"हायब्रिड दाखवा," ते शोरूममधल्या मुलीला म्हणाले.

हल्ली सगळीकडे घेतात तसा तिने काचेवर त्यांचा अंगठा घेतला. पडद्यावरची हायब्रिड नाहीशी झाली.

"पेट्रोलच घ्या, काका. हायब्रिड वसूल होण्याइतकी वर्षं तुमच्या रक्तात दिसत नाहीत. अशांना ती विकायला आम्हाला बंदी आहे."

"किती दिसतात?"

"ते सांगायलाही बंदी आहे."

खरोसेकरांनी वही मिटली. मुलीला वाईट वाटलं असावं. तिने काच त्यांच्या बायकोपुढे, कुमुदताईंपुढे सरकवली. त्यांनी अंगठा टेकवला, तशी हायब्रिड परत आली.

"मग काकूंच्या नावावर घ्या की."

"मला कुठे चालवता येते?" कुमुदताई नवऱ्याकडे बघत म्हणाल्या. "कायम हेच चालवतात."

"शिकाल हो, काकू," मुलगी आपुलकीने म्हणाली. "तुमच्याकडे भरपूर वेळ आहे."