कॅप्टन क्रेबलचा गज

आश्लेषाने दारू ठासायचा गज बंदुकीच्या नळीत सोडला, तर तो चार बोटं बाहेरच राहिला. तिने तो काढून पुसला आणि पुन्हा सोडला. पुन्हा चार बोटं.

"जोर लाव जरा," राजेश म्हणाले.

"बाबा, यार, अडीचशे वर्षांची आहे ती. जोर काय लावायचा?"

खरा दसरा गुरुवारी होऊन गेला होता. पण इकडे परदेशात, पिस्कॅटवेत सण सुट्टी बघून येतात, त्यामुळे शस्त्रपूजा शनिवारी होती. डायनिंग टेबलावर लाल कापड अंथरलं होतं. त्यावर राजेशचा लॅपटॉप, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या, आश्लेषाच्या आईची, शुभाची विळी आणि मधोमध ही लांबलचक ठासणीची बंदूक. नागपूर सोडल्यापासून राजेशनी पूजेत खरं शस्त्र कधी ठेवलं नव्हतं, त्यामुळे स्वारी सकाळपासून खुशीत होती.

बंदूक त्यांनीच आणली होती. मुलीने कॉम्प्युटर सोडून इतिहास घेतला तेव्हा वर्षभर ते मित्रांमध्ये तिचा विषयच काढत नसत. आणि मागच्या महिन्यात कॅप्टन क्रेबलच्या वंशातल्या एका म्हातारीचं घर विकायला निघाल्याचं कळताच, तिला न सांगता चार तास ड्राइव्ह करून ते पेन्सिल्वेनियात जाऊन आले. बंदूक तिथे चुलीवरच्या भिंतीवर टांगलेली होती. ती मुलीच्या हातात देताना ते एवढंच म्हणाले होते, "तुझ्या कॅप्टनची आहे म्हणतात. बघ."

अ‍ॅडम क्रेबल अडीचशे वर्षांपूर्वीचा, सरहद्दीवरचा बंदूक बनवणारा. शेतकरी त्याच्याकडून बंदुका नेत आणि तिथले मूळचे लोकही नेत. युद्ध पेटलं तेव्हा गावाने त्याला आपल्या शिबंदीचा कॅप्टन केलं. मार्चमधल्या एका सकाळी त्याच्या चाळीस माणसांनी त्या मूळच्या लोकांच्या एका नि:शस्त्र वस्तीला वेढा घातला, आणि त्या वस्तीतलं कुणीही वाचलं नाही. चौकशीत चाळिसांनी शपथेवर सांगितलं, पहिली गोळी कॅप्टनने झाडली, आम्ही फक्त मागून गेलो. क्रेबलचा जबाब दोन ओळींचा होता. मी चाप ओढला नाही. घरी आलो, बंदूक भिंतीवर टांगली, ती पुन्हा खाली घेतली नाही.

त्याच्यावर कुणीच विश्वास ठेवला नाही. आश्लेषा ज्या छोट्या म्युझियममध्ये काम करते, त्याच्या दाराशी आजही पाटी आहे: पहिली गोळी झाडणारा कॅप्टन क्रेबल. ती पाटी उतरवण्यासाठी तिने तीन वर्षं घासली होती. डायरेक्टर मोनाने शेवटी शब्द दिला होता. बंदूक त्याचीच आहे हे दाखव, नोव्हेंबरच्या प्रदर्शनात त्याची बाजू मांडायला तुला अख्खी भिंत देते.

आणि आता हा गज.

"त्याचा नियम होता, बाबा," आश्लेषा म्हणाली. "गज तो स्वतः कापायचा. नळीत टाकला की तोंडाशी लेव्हल आला पाहिजे, केसभरही वर नाही. गिऱ्हाइकाला पत्रात लिहायचा, रोज टाकून बघत जा."

"का?"

"ते नाही लिहिलं कुठे. पण हा गज दुसऱ्याच बंदुकीचा आहे. कुणीतरी तुकडे जोडून बनवलीय ही."

"तू एक्स्पर्टला दाखव ना."

"दाखवीन. पण मला दिसतंय."

आठ तासांचं जाणंयेणं फुकट गेल्याचं राजेशच्या चेहऱ्यावर उतरलं होतं. आश्लेषाला भरून आलं. सकाळपासून तिने त्यांना बंदुकीला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं. स्वतः मात्र पांढरे हातमोजे घालून ती सुईने घोड्याजवळचं बारीक भोक कोरत बसली होती. त्यातून चिमूटभर काळी भुकटी पडली होती, ती तिने फुंकरीने उडवून दिली होती.

तिने गज काढून टेबलावर ठेवला आणि हातमोजे काढले.

"करा पूजा, बाबा. कुंकू लावा, फुलं वाहा. नाहीतरी त्याची नाहीये ती."

"नक्की?"

"नक्की. आणि मला आवडेल."

राजेश एकदम हलके झाले. त्यांनी बंदुकीला गंध लावलं, झेंडू वाहिला, आपट्याची पानं मिळाली नव्हती म्हणून अंगणातल्या मेपलची ठेवली. मग त्यांच्या लक्षात आलं की नळीचं तोंड देव्हाऱ्याकडे आहे.

"देवाकडे बंदूक रोखतात का कुणी," असं पुटपुटत त्यांनी ती अलगद फिरवली. आता तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे आलं.

"कापूर कशात लावू?" त्यांनी विचारलं. "आरतीचं ताट आत आहे."

मग त्यांनाच सुचलं. घोड्याच्या पुढ्यात, त्या बारीक भोकाला लागून, लोखंडाची खोलगट वाटी होती. झाकण उघडून त्यांनी तिच्यात कापराची वडी ठेवली. अगदी चपखल बसली.

"बघ, कापरासाठीच केल्यासारखी आहे," ते म्हणाले.

आश्लेषा हसली. किती दिवसांनी बाबा तिच्या कामातली वस्तू हातात घेऊन असे बोलत होते. तिने फोन काढून त्यांचा फोटो घेतला.

"शुभा, ये गं, आरती सुरू करतोय," राजेशनी हाक मारली आणि काडी ओढली.

कापराने भक्कन पेट घेतला. "आले, आले," म्हणत शुभा नैवेद्याचं श्रीखंड घेऊन दारात आली.

आवाजाने घराच्या काचा हादरल्या. पांढऱ्या धुरात काहीच दिसेना. फक्त टेबलावरचा गज तेवढा दिसत होता, नळीइतकाच लांब; ती चार बोटं आतल्या, कधीच न झाडलेल्या गोळीची होती. क्रेबल खरं बोलत होता, हे आश्लेषाच्या मनात पहिल्यांदा आलं. दारात आई उभी होती, हे त्यानंतर.