पटावरची विसावी

“सतरा बिस्किटं पाच जणांत सारखी वाटली, तर किती उरतात रे बाळा?” आईनं विचारलं तेव्हा अध्यक्ष आरशासमोर टायची गाठ मारत होते.

“तीन-तीन वाटली, दोन उरली,” ते आरशालाच म्हणाले. “कोण येणार आहे बिस्किटं खायला?”

“कुणी नाही. दोन होय? दोन...” आई बोटांवर पुटपुटली. “आणि ती दोन जातात कुठं?”

अध्यक्षांच्या कपाळाला आठी पडली. आज शाळा मंडळाच्या बैठकीत टेकडीवरच्या शाळेला कुलूप लावायचं होतं, आणि आईचं असं आडून टोचणं त्यांच्या ओळखीचं होतं.

“आई, कारभार बिस्किटांवर चालत नाही. नियमांवर चालतो.”

“बरं बाबा. घसा कोरडा पडेल, हे ठेव,” म्हणत तिनं त्यांच्या खिशात दोन पेपरमिंटं कोंबली, कापडी पिशवी खांद्याला अडकवली आणि निघाली फिरायला. गेलं वर्षभर रोज सकाळी जायची ती दुपार टळल्यावर उगवायची. म्हणे गुडघ्यांना चढण मानवते. असे गुडघे साऱ्या पृथ्वीवर दुसरे नसतील. पण विचारायला अध्यक्षांना सवड कुठली!

गाव त्यांना पाठीमागे ‘फुटपट्टी’ म्हणायचं. मंडळाचे नियम त्यांनी एकहाती लिहिलेले. इतके काटेकोर, की लिहून होताच शाईसुद्धा रांगेत उभी राहून वाळली, असं सांगणारे लोक अजून आहेत.

बैठकीत टेकडीवरच्या बाई आधीच येऊन उभ्या होत्या. वर्गही बरोबर आणला होता. बाहेर व्हरांड्यात गलका चालला होता. बाई कडक. वर्गात कुणाचे लाड नाहीत, की कुणाला अहो-जाहो नाही. पटावर आला तो ‘तू’.

“बाई, एकोणीस पास,” अध्यक्ष म्हणाले. “आणि एक पोरगी सलग दुसऱ्यांदा नापास. नियम काय सांगतो?”

“एकही मूल सलग दोनदा नापास झालं, की अनुदान बंद.”

“मग नाव काढा तिचं आणि मोकळ्या व्हा.”

“काढलं तर पट एकोणीसवर येतो. विसाच्या खाली गेला की अनुदान बंद. तोही नियम आपलाच, साहेब.”

मंडळाचे खजिनदार दातांचे डॉक्टर, एरवी लोकांचे दात काढायचे. आत्ता स्वतःचे दिसू नयेत म्हणून त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

“एवढी ढ आहे?”

“ढ नाही हो. वाचायला तर झपाट्यानं शिकली. दुकानांवरच्या पाट्या मोठ्यानं वाचत जाते, लोक दचकतात. पण भागाकार आला की बोटं मोजत बसते. डबा खाल्ला की डुलक्या काढते. रागावलं तर उलट मलाच विचारते, तुम्ही नीट जेवता का म्हणून. वर तास चालू असताना पेपरमिंट वाटते.”

अध्यक्षांनी तोंडातलं पेपरमिंट या गालातून त्या गालात ढकललं. “लाडावलेली दिसते. घरी अभ्यास घेणारं कुणी नाही?”

“आहे की. चांगलं शिकलेलं माणूस आहे. पण ते सदानकदा बैठकांत.”

“असल्यांना बोलावून खडसावलं पाहिजे!” अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. “घरात लेकरू काय शिकतंय याचा पत्ता नाही, आणि निघालेत गावाला शहाणपण शिकवायला!”

कारकुनाला खिडकीबाहेर एकाएकी फार महत्त्वाचं काहीतरी दिसलं. खजिनदारांनी रुमालाचा बोळा तोंडात घातला.

“आणि नाव घातलंत कशाला हिचं?”

“मागच्या वर्षी वरचं एक बिऱ्हाड उठून गेलं,” बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज उतरला होता. “पटावरचं एक मूल कमी झालं. दुसऱ्या दिवशी ही आपणहून टेकडी चढून आली. धापा टाकत म्हणाली, माझं नाव घाला, मला शिकायचंच होतं. साहेब, खालची शाळा हमरस्त्यापलीकडे आहे. बारकी पोरं तिथं जायची नाहीत, घरी बसतील. आणि ही तर...”

अध्यक्षांना उगाच शिवणयंत्राचा खडखडाट ऐकू आला. त्या यंत्राशेजारी बसून ते शिकले होते. आई पायानं यंत्र हाकायची आणि म्हणायची, मोठ्यानं वाच, मलाही ऐकू दे.

फुटपट्टी वाकत नाही. पण नियमांचं पुस्तक तिनं पुन्हा एकदा उघडलं.

“तोंडी फेरपरीक्षा घ्यायचा अधिकार अध्यक्षाला आहे,” ते खाकरून म्हणाले. “एकच गणित. आलं तर पोरगी पास आणि शाळा चालू. नाही आलं तर आजच कुलूप.”

“भागाकार सोडून काहीही घाला,” बाई कळवळून म्हणाल्या.

“भागाकारच!”

त्यांना चांगलं अवघड गणित घालायचं होतं. पण सगळे डोळे आपल्यावर रोखलेले असले की माणसाच्या डोक्यात जे वर तरंगत असतं तेच तोंडातून बाहेर पडतं.

“सतरा बिस्किटं, पाच जण. सारखी वाटून उरली किती?” ते व्हरांड्यापर्यंत ऐकू जाईल असं गरजले. “बोलवा तिला आत! कुणी हळूच सांगायचं नाही. उत्तर तिचं तिनंच दिलं पाहिजे.”

बाहेरचा गलका थांबला. बाईंनी डोळे मिटून घेतले. दार करकरलं.

“दोन,” दारातून आवाज आला. “सकाळीच नाही का सांगितलंस, बाळा?”