माझा दुपारचा कार्यक्रम

घसा बसला म्हणून त्या दुपारी मी स्टेशनवर गेलेच नाही. आमचं रेडिओ स्टेशन ऐकणाऱ्यांच्या मदतीवर चालतं, आणि घरगुती सल्ल्यांचा कार्यक्रम माझा. "गाणी लावा, पण माझ्या खुर्चीत कुणाला बसवू नका," असं बजावलं होतं.

तरी रेडिओवर मीच बोलत होते. आवाज माझाच, पण साखरेत घोळलेला. माझ्या वेळी मुका बसणारा स्टेशनचा फोन रेडिओवरच्या त्या बाईसाठी सारखा खणखणत होता. जो तो तिच्याशी गप्पा मारून स्टेशनला मदत कबूल करत होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात माझा मुलगा ताट सोडून रेडिओला कान लावून हसत बसलेला. माझ्या बोलण्याला कधी हसला नाही मेला.

"बंद कर त्या भवानीला!" बसलेल्या घशानेच मी ओरडले.

त्याने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"जरा गप्प बसा हो बाई," तो म्हणाला. "आई बोलतेय."